जांघेतील दुखणे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात यवतमाळ मुक्कामी दिलेले व्याख्यान)



चिटणिसांचे निमंत्रणपत्र माझ्या हाती आले त्या वेळी त्यात विषयाची जागा त्यांनी मोठ्या विश्वासाने कोरी ठेवली होती. सेवानिवृत्त शिक्षक म्हटला म्हणजे तो शिक्षणाचे महत्त्व किंवा मुलांवरील संस्कार यांपैकी एखाद्या विषयावर अर्धा तास बोलेल आणि मंडळी चहाला मोकळी होतील, असा त्यांचा हिशेब असावा. मी विषय कळविला तेव्हा लगोलग त्यांचा दूरध्वनी आला. 'गुरुजी, सभेला भगिनीवर्ग असतो, विवाहेच्छू मुले-मुली असतात. जांघेवर व्याख्यान म्हणजे जरा...' पुढचा शब्द त्यांना सापडेना. तो मी पुरा करतो. तो शब्द 'लाज' हा होय. या लाजेपायी माझ्या डोळ्यांदेखत तीन माणसांचे नुकसान झाले आहे, आणि त्यांपैकी एकाच्या नुकसानीचा मोठा वाटा माझ्याकडे येतो. म्हणून हाच विषय घेण्याचा मी हट्ट धरला आणि चिटणिसांनी तो पुरवला, याबद्दल त्यांचे आभार.

मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झालेला मनुष्य. मात्र छत्तीस वर्षांच्या नोकरीत हुतूतू आणि खो-खोची मुले तयार करण्याचे काम बहुधा माझ्याच गळ्यात पडत गेले. निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि घरात फिजिओथेरपी शिकलेली सून आली. तिच्या पुस्तकांतून जे समजले, ते तिच्याकडून तपासून घेऊन आपल्यापुढे ठेवीत आहे. चूक आढळल्यास ती माझी समजावी.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. पोट जेथे संपते आणि मांडी जेथे सुरू होते, त्या घडीला आपण जांघ म्हणतो. संस्कृतात तिला 'वंक्षण' असे भारदस्त नाव आहे. या चार बोटांच्या जागेत निसर्गाने इतकी गर्दी केली आहे की, दिवाळीच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या बसस्थानकावर जावे. मांड्या एकमेकींजवळ ओढणारे स्नायू येथेच जघनास्थीला चिकटतात. पाय उचलणारा मोठा स्नायू पाठीच्या कण्यापासून निघून येथूनच मांडीत उतरतो. पोटाच्या भिंतीचा सर्वांत कच्चा भाग येथेच. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि रसग्रंथी येथूनच जातात. आणि या सर्वांच्या खाली, खोल, खुब्याचा सांधा असतो. सातवीच्या विज्ञानात आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या उखळीत फिरतो, तोच हा. लोक खुबा दाखवताना कमरेच्या बाजूला हात ठेवतात. परंतु खुद्द सांधा बिघडला म्हणजे दुखते ते बहुधा पुढे, जांघेत. ही एकच गोष्ट मला १९९४ साली ठाऊक असती तर आज हे व्याख्यान मी दिले नसते.

त्या वर्षी मी दारव्हा तालुक्यातील एका गावी होतो. सातवीच्या वर्गात एक अंगाने भरलेला, तेरा वर्षांचा मुलगा होता. हुतूतूमध्ये त्याची पकड अशी की, त्याने एकदा घोटा धरला म्हणजे चढाई करणाऱ्याने देवाचे नाव घ्यावे. डिसेंबरात केंद्राचे सामने होते. नोव्हेंबरात हा मुलगा किंचित लंगडू लागला. विचारले तर म्हणाला, 'गुर्जी, टोंगया दुखते.' मी त्याचा गुडघा पाहिला. सूज नाही, ओरखडा नाही. हळद लावायला सांगितली. आठ दिवसांनी तेच. वडिलांनी त्याला तालुक्याच्या गावी नेले, तेथे गुडघ्याचा क्ष-किरण फोटो निघाला आणि तो स्वच्छ आला. झाले! माझा समज पक्का झाला की, हा सरावाचा कंटाळा आहे. मी त्याला सर्वांसमोर 'आळशी' म्हटले आणि मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. त्याने त्या मारल्या. पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून, फरपटत मारल्या, हे मला आजही दिसते. त्या वेळी दिसले नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी तो पायऱ्या उतरताना पडला आणि उठलाच नाही. मोठ्या रुग्णालयात खुब्याचा फोटो काढला तेव्हा उलगडा झाला. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचा माथा आणि हाड यांच्यामध्ये कूर्चेची एक थर असलेली सांध असते. दहा ते सोळा या वयात, विशेषतः वजनदार मुलांत, तो माथा त्या सांधीवरून हळूहळू घसरू लागतो. त्याच्या आधी आठवडे, कधी महिने, मुलगा लंगडतो. खुबा आणि गुडघा यांना संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंचा एक फाटा सामाईक असल्यामुळे दुखणे खुब्यात आणि गाऱ्हाणे गुडघ्याचे, असा प्रकार होतो. वेळीच ओळखले तर चालणे बंद करून एका स्क्रूने माथा जागेवर धरून ठेवता येतो. आमच्या बाबतीत माथा पुष्कळ घसरला होता. शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला, मोठा झाला, आज त्याचे किराण्याचे दुकान आहे. पण त्याचा एक पाय आखूड आहे.

पुष्कळ वर्षांनी मी त्याला विचारले, 'अरे, जांघेत दुखत नव्हते का?' तो म्हणाला, 'दुखत होते गुर्जी. पण तेथे दुखते, असे तुम्हाला कसे सांगणार?' यावर मी काय उत्तर देणार? तेव्हापासून कोणताही मुलगा किंवा मुलगी गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर मी त्याच्या पालकांना खुब्याचाही फोटो काढून घ्या म्हणून सांगतो. पाठीवर निजवून गुडघा व खुबा वाकवला आणि पाऊल बाजूला फिरवले असता जांघेत कळ येते का, किंवा पाय आपोआप बाहेर वळतो का, हे डॉक्टर दोन मिनिटांत पाहू शकतात. आपण त्यांना ते पाहायला सांगितले पाहिजे, एवढेच.

हुतूतूच्या मैदानात मध्यरेषेच्या पलीकडे एक 'निदानरेषा' असते. चढाई करणाऱ्याने गडी बाद करो वा न करो, ती रेषा त्याला ओलांडावीच लागते. नाहीतर तोच बाद. आमच्या विद्वान पूर्वजांनी हे नाव ठेवताना वैद्यकाचा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण जांघेच्या दुखण्यातही निदानाची रेषा ओलांडल्याशिवाय उपचाराचा गडी गाठता येत नाही. आपण मात्र उलटे करतो. प्रथम तेल, मग चोळणे, मग ओळखीच्या माणसाने सांगितलेली गोळी, मग पट्टा, आणि निदान अगदी शेवटी, तेही पैसे उरले तर.

या निदानाच्या बाबतीत मोठमोठे तज्ज्ञही फार दिवस गोंधळलेले होते, हे ऐकून आपल्याला बरे वाटेल. एकाच दुखण्याला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे होती. तेव्हा २०१४ साली कतार देशातील दोहा शहरी १४ देशांतील २४ तज्ज्ञ एकत्र बसले आणि खेळाडूंच्या जांघदुखीची सरळ विभागणी त्यांनी ठरविली. मांडीच्या आतल्या स्नायूंचे दुखणे, पाय उचलणाऱ्या स्नायूचे दुखणे, पोटाच्या भिंतीच्या कच्च्या भागाचे दुखणे आणि जघनास्थीचे दुखणे हे चार प्रकार. पाचवे खुब्याच्या सांध्याचे. आणि राहिलेले सर्व इतर सदरात. त्यांचा भर यंत्रावर फारसा नाही. रोग्याला नीट विचारणे, बोटाने दाबून पाहणे, आणि स्नायूवर जोर लावायला सांगून तेथेच ओळखीचे दुखते का ते पाहणे, हीच मुख्य पद्धत. म्हणजे आपले जुने वैद्य जे करीत तेच, फक्त शिस्तीने.

खेळणाऱ्या व धावणाऱ्या तरुणांत सर्वांत अधिक आढळते ते मांडीच्या आतल्या स्नायूंचे दुखणे. हुतूतूत पाय लांबवून बोनस रेषा गाठताना, खो-खोत खुंटाला वळसा घालताना, फुटबॉलमध्ये चेंडूला आतल्या बाजूने लाथ मारताना या स्नायूंवर एकदम ताण येतो. माझ्या पुतण्याला हेच झाले होते. तो पोलीस भरतीची तयारी करीत होता. आपल्या जिल्ह्यात पहाटे कोणत्याही डांबरी रस्त्यावर जा, आपली वेळ कमी करण्यासाठी धावणारी मुले-मुली दिसतील. कापसाचा भाव पडला की या मुलांची संख्या वाढते, असे माझे निरीक्षण आहे. पण तो विषय वेगळा. पुतण्याला उजव्या जांघेत आतून चमक निघू लागली. एका गृहस्थाने त्याचा पाय दोन्ही बाजूंना ताणून 'शीर मोकळी' केली. दुखणे दुप्पट झाले. दुसऱ्याने पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले. पडल्या पडल्या दुखणे थांबले, आणि मैदानात उतरल्या दिवशी पुन्हा सुरू. असे सात महिने गेले आणि एक भरती हुकली.

त्याला माझ्या सुनेने तपासले ते असे. पाठीवर निजवले, गुडघे वाकवून घेतले, दोन गुडघ्यांमध्ये आपली मूठ ठेवली आणि म्हणाली, 'भाऊजी, जोराने दाबा.' त्याने दाबले आणि ओरडला. मग तिने त्यालाच विचारले की, नेमके कोठे दुखले ते एका बोटाने दाखवा. त्याने आतल्या स्नायूचा उगम दाखवला. दाबून पाहिले, तेथेच दुखले. पोटाच्या बाजूला काही नाही, खोकल्यावर गाठ नाही, खुबा सगळ्या दिशांना मोकळा. निदान झाले.

आता उपचार. येथे मी जरा थांबून सांगतो, कारण आपली समजूत येथेच सर्वाधिक चुकीची आहे. डेन्मार्कमध्ये १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फार दिवसांपासून हेच दुखणे असलेले ६८ खेळाडू घेतले. निम्म्यांना मर्दन, विद्युतप्रवाह, ताणणे असे उपचार दिले. त्यात रोग्याने निजून राहायचे आणि दुसऱ्याने करायचे. निम्म्यांकडून स्नायू बळकट करणारा व्यायाम करून घेतला. आठ ते बारा आठवडे हे चालले. पहिल्या गटातील ४ जण पूर्वीसारखे वेदनारहित खेळू लागले, दुसऱ्या गटातील २३ जण! आठ-बारा वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हाही व्यायामाचा गुण बऱ्याच अंशी टिकलेला होता. दुखावलेला स्नायू लाडाने बरा होत नाही आणि मारूनही बरा होत नाही. त्याला झेपेल इतके काम दिले, आणि ते हळूहळू वाढवीत नेले, म्हणजे तो बरा होतो. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला हे तत्त्व काही नवे वाटले नाही.

क्रम असा. ताजी दुखापत असेल तर पहिले दोन-तीन दिवस धावणे बंद, थंड पाण्याच्या फडक्याचा शेक, आणि चोळणे पूर्णपणे वर्ज्य. चालणे-फिरणे दुखेल तेवढेच आवरावे. मग उताणे निजून दोन पावलांमध्ये फुटबॉल धरावा, गुडघे सरळ ठेवून तो ३० सेकंद दाबावा आणि सोडावा. असे दहा वेळा. नंतर गुडघे वाकवून चेंडू गुडघ्यांमध्ये घेऊन तेच. चेंडू नसेल तर घट्ट गुंडाळलेली उशी चालते. किंचित दुखले तर हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर काम जास्त झाले असे समजावे. पुढे पोटाचे व्यायाम, एका पायावर तोल धरणे, कुशीवर निजून पाय उचलणे, असे चढत जावे. सुमारे सहाव्या आठवड्यापासून, दुखत नसेल तर, मऊ मातीवर संथ धावणे. डांबरी रस्ता आणि घड्याळ सर्वांत शेवटी. हे सर्व आठवड्यातून तीन दिवस, आणि तीन महिने. माझ्या पुतण्याला 'तीन महिने' हा शब्द ऐकूनच भोवळ आली. मी म्हणालो, 'बाबा, चोळण्यात सात गेले, त्याचा हिशेब कोण देणार?' त्याने तीन महिने केले. तो पुढच्या भरतीत निवडला गेला की नाही, हे आपण विचाराल. गेला नाही, लेखी परीक्षेत राहिला. पण मैदानात त्याचे गुण पुरे होते.

ज्यांना अद्याप काही झालेले नाही त्यांच्यासाठीही एक व्यायाम आहे. कुशीवर होऊन खालच्या हाताच्या कोपरावर अंग तोलायचे, वरचा पाय जोडीदाराने गुडघ्याजवळ आणि घोट्याजवळ धरायचा, आणि आपण खालचा पाय वर उचलून त्याच्याशी मिळवायचा. नॉर्वेतील ३५ फुटबॉल संघांवर याचा प्रयोग झाला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. साहित्य काही लागत नाही, एक मित्र लागतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपला हुतूतू जगाला दाखवला, असे आपण अभिमानाने सांगतो. जगाकडून आलेला एवढा एक व्यायाम आपल्या गावच्या मैदानात घ्यायला काय हरकत आहे?

परंतु सावधान! धावणाऱ्याचे प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते. धावणे एकदम वाढवले, विश्रांती नाही, अन्न तुटपुंजे, अशा मुलामुलींत मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर जाते. ते दुखणे खोल असते, धावताना वाढते, पुढे पुढे चालतानाही होते, रात्रीही ठणकते, आणि एका पायावर उडी मारली असता जांघेत कळ येते. आरंभी साधा फोटो स्वच्छ येऊ शकतो, एम्.आर्.आय. मध्ये ते दिसते. यात व्यायाम करावयाचा नसतो. पाय टेकणे थांबवून ताबडतोब अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावयाचे असते, कारण ती चीर वाढून हाड मोडले तर ऐन तारुण्यात खुबा गमावण्याची पाळी येते. ज्या मुलींची पाळी कठोर सरावात बंद पडली आहे, त्यांच्या हाडांना हा धोका अधिक. माता-भगिनींनी ही गोष्ट मुलींना विचारावी. त्या स्वतः सांगणार नाहीत.

दुसरे नुकसान माझ्या थोरल्या बंधूंचे. ते शेतकरी, अंगाने काटक. कापसाची गाठोडी गाडीत चढवताना जांघेत फुगवटा येऊ लागला, निजले की जिरे. हा अंतर्गळ होय. पोटाच्या भिंतीच्या कच्च्या जागेतून आतडे बाहेर डोकावते. पुरुषांत हा इतका सामान्य आहे की, आयुष्यात कधी ना कधी चारांपैकी सुमारे एकाला होतो. बंधूंनी चार वर्षे तो लंगोटाखाली दाबून ठेवला. वहिनींनाही सांगितले नाही! लंगोट काय किंवा बाजारातला पट्टा काय, भिंतीचे भोक बुजवीत नाही. जानेवारीतल्या एका रात्री गाठ आत जाईना, दगडासारखी झाली, वांत्या सुरू झाल्या. त्यांना पहाटे यवतमाळला आणले तेव्हा अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून गेला होता. वीतभर आतडे काढून टाकावे लागले. चार वर्षांपूर्वी जी शस्त्रक्रिया ठरवून, एक-दोन दिवसांत घरी परतून झाली असती, ती जिवावर बेतून झाली. भगिनींमध्ये अंतर्गळ कमी आढळतो. पण त्यांच्यात जांघेच्या किंचित खाली येणारा एक प्रकार असतो आणि तोच अडकण्याचा संभव जास्त. सोयाबीन सोंगताना, पाण्याचे गुंड उचलताना बारीकशी गाठ हाताला लागली, तर ती गाठ म्हणून दाखवावी. 'चरबी असेल' म्हणून सोडू नये.

गाठ म्हटली की आपल्याकडे अवधाणही आठवते. पायाला काटा रुतला, जखम पिकली की जांघेतील रसग्रंथी सुजतात, तेच अवधाण. तेथे उपचार पायाच्या जखमेवर करायचा. जांघेवर बिब्बा घालून कातडी जाळू नये. मात्र पायाला काही नसताना गाठ राहिली, दोन-तीन आठवडे उतरली नाही, सोबत बारीक ताप आणि वजन घटणे असेल, तर क्षयाचा व इतर रोगांचा तपास करून घ्यावा. पाठीच्या मणक्याच्या क्षयाचा पूदेखील स्नायूच्या वाटेने उतरून जांघेत गाठ म्हणून प्रकटतो, इतकी ही जागा फसवी आहे. मूतखड्याची कळही कमरेतून जांघेत येते. ती ज्याने भोगली त्याला मी वेगळे सांगायला नको.

आता तिसरे नुकसान, आणि ते सांगताना मला शब्द जपून वापरावे लागतील, कारण ते कुटुंब आपल्यापैकी आहे. तपशील मी बदलले आहेत. बावीस वर्षांचा तरुण, हुतूतूचा चांगला खेळाडू. डाव्या जांघेत सहा महिने दुखत होते. मांडी घालून बसता येईना, पाय आत वळेना. लचक समजून चोळणे चालले. अखेर तपासणीत निघाले की, मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो माथा आतून मरत चालला आहे, आणि त्याचे मूळ कारण सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि खुब्याचा माथा ही तर रक्ताची फार थोडी वाट असलेली जागा. भारतात हा रोग प्रथम १९५२ साली नीलगिरीकडील लोकांत आढळला. विदर्भात तो पुष्कळ आहे, आणि त्याला कोण्या एका जातीचा किंवा जमातीचा रोग समजून स्वस्थ बसणे हा भ्रम आहे. या मुलाला लहानपणापासून हातपाय ठणकण्याचे, अधूनमधून कावीळ झाल्यासारखे डोळे पिवळे होण्याचे दुखणे होते. कोणी रक्त तपासले नव्हते.

कळल्यावर आईवडिलांनी काय केले? मुलीचे लग्न ठरत होते म्हणून ते कोणाला कळू दिले नाही. मुलाला कुबड्या दिल्या तर लोक विचारतील, म्हणून कुबड्या दिल्या नाहीत. आरंभीच्या अवस्थेत माथ्याला छिद्र करून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया काही रोग्यांत सांधा वाचवू शकते. वर्षभर लोटले, माथा चेपला, आणि आता कृत्रिम सांध्यावाचून उपाय उरलेला नाही. मी त्या आईवडिलांना दोष देणार नाही. त्यांची भीती कोणाची होती? आपलीच. या सभागृहात बसलेल्या तुमची-माझी. स्थळे पाहताना आपण काय काय विचारतो आणि काय काय ऐकून स्थळ सोडतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

सिकलसेलबाबत एक साधा हिशेब तेवढा सांगतो, कारण हे मंडळ वधू-वर मेळावे भरवते. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण एक दोष वाहणारे असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. एकच वाहक असेल तर अपत्य रोगी होत नाही. म्हणून वाहकाचे लग्न होऊ नये असे मुळीच नाही. दोन वाहकांनी जाणून-समजून निर्णय घ्यावा इतकेच. रक्ताची चाचणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. मंडळाच्या परिचयपत्रकात रास, नाडी, गण यांना जागा आहे. तेथे या चाचणीसाठी एक ओळ असावी, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी देत आहे.

हाडाचा माथा मरण्याला सिकलसेलच लागते असे नाही. दारू हे एक मोठे कारण आहे. आणि सांधेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या बेनावी पुड्या! त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्याने चार दिवस जादू झाल्यासारखे वाटते आणि महिनोन्‌महिने घेतल्यास खुब्याची राख होऊ शकते. कोरोनाच्या साथीत ज्यांना जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागले, त्यांच्यापैकीही काहींना पुढे ही तक्रार झाल्याचे २०२१ साली नमूद झाले. तेव्हा तरुण माणसाच्या जांघेत खोल दुखते आणि पाय आत वळवताना अडतो, अशी जोडी दिसली तर फोटो स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नये, एम्.आर्.आय. विषयी विचारावे.

एक गोष्ट राहिली आणि ती घड्याळाशी बांधलेली आहे. दहा-बारा वर्षांपासून विशीपर्यंतच्या मुलाला एकाएकी, पुष्कळदा झोपेतून जागे करणारी, जांघेत किंवा ओटीपोटात कळ आली आणि वांती झाली, तर त्याच्या अंडाला पीळ पडला असण्याचा संभव असतो. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुधा वाचते. पुढे प्रत्येक तासाला आशा कमी होते. मुलगा 'पोट दुखते' एवढेच म्हणतो, आई ओवा देते, आणि सकाळ होते. वडिलांनी त्याच रात्री, दार लावून, मुलाला स्पष्ट विचारावे व पाहावे. आपल्या यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील रुग्णालय रात्रीही उघडे असते. उमरखेड, वणी किंवा झरीकडच्या मंडळींना अंतर मोठे आहे, तेव्हा त्यांनी उजाडण्याची वाट पाहू नये. जवळ जे मोठे रुग्णालय असेल तेथे न्यावे.

डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगावे, हेही मुलांना शिकवावे लागते. 'इकडे कुठेतरी दुखते' असे हवेत हात फिरवून सांगू नये. एका बोटाने जागा दाखवावी. केव्हा सुरू झाले, एकदम की हळूहळू, कोणत्या हालचालीने वाढते, खोकल्याने वाढते का, रात्री दुखते का, गाठ येते का, पूर्वी कोणती औषधे घेतली, हे घरूनच कागदावर लिहून न्यावे. मी स्वतः माझ्या विद्यार्थ्यांना आजारपणाच्या अर्जात 'मला बरे नाही' इतकेच लिहायला शिकवले. तो नमुना आता मला अपुरा वाटतो.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहत आहेत. भोजनानंतर मागील पटांगणात मी दोन चेंडू आणि एक सतरंजी घेऊन बसणार आहे. ज्या मुलांना तो जोडीदाराचा व्यायाम शिकायचा असेल त्यांनी यावे, माझा पुतण्या करून दाखवील. मुलींसाठी सूनबाई वरच्या मजल्यावरील खोलीत थांबणार आहे. आणि ज्यांना सर्वांदेखत काही विचारायचे नसेल त्यांनी चिठ्ठी लिहून चिटणिसांकडे द्यावी, नाव घालण्याची आवश्यकता नाही.